दोन आट्यांवर ठेवलेला नट

मंगळवार आणि शुक्रवार उजाडला की मला किल्लीची भीती वाटते. अजूनही वाटते. सकाळचे सहा वाजलेले असतात, मी आमच्या जुन्या पांढऱ्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली असते आणि हातात किल्ली असते. बाजूला माझा नवरा, मांडीवर फाइलची पिशवी घेऊन. किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली, तर अडीच तासांत आम्ही यवतमाळला पोचतो, नऊला यांना डायलिसिसच्या मशीनवर घेतात आणि पुढचे तीन-चार दिवस निभतात. गाडी चालू झाली नाही तर काय होतं, ते मी एकदा पाहिलं आहे.

आम्ही मुकुटबनला राहतो. मी ब्लाउज शिवते. हे आयुष्यभर बसच्या डेपोत मेकॅनिक होते, आणि रिटायर झाल्यावर दुसऱ्याच वर्षी दोन्ही किडन्या गेल्या. गाडी यांचीच. जुनी घेतलेली, स्वतः खोलून-बांधून उभी केलेली. चालवायचेही हेच, पण मशीनवरून परतताना यांना चक्कर यायला लागली, म्हणून वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी जिनिंगच्या रिकाम्या मैदानात गाडी शिकले. शिवणमशीनचं पायडल मारणाऱ्या बाईला क्लच काय जड, असं हे लोकांना सांगत फिरायचे. मला जड गेला. त्या मैदानाचं तारेचं कुंपण मी दोनदा पाडलं आहे.

तर ते एकदाचं सांगते. हिवाळ्यातला मंगळवार होता. गाडी चालू होईना. मी घाबरले आणि किल्ली मारत राहिले, मारत राहिले, आणि होती-नव्हती तेवढी बॅटरी संपवून टाकली. हे तेव्हा घरात कपडे घालत होते. बाहेर येऊन पाहतात तर गाडी मुकी. गावातली जीप कापूस वेचायला बाया घेऊन गेलेली. अँब्युलन्सला फोन केला, ती एका बाळंतिणीला घेऊन निघालेली. मशीनवरची वेळ गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी यांना आडवं होता येईना. भिंतीला टेकून बसले आणि एका वाक्यात तीनदा थांबायला लागले. "घाबरू... नको... वं," म्हणाले. मग कशीबशी जीप मिळाली. दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की छातीत पाणी भरलं होतं, आणखी एक दिवस निघाला नसता. हे यांना मी सांगितलं नाही. पण माझ्या चेहऱ्यावरून यांना कळलं असणार, कारण माझ्या पोटात काही राहत नाही.

घरी आल्यावर यांनी पहिलं काम केलं ते मला गाडीसमोर उभं करण्याचं.

"भेवून किल्ली मारायची नाही," म्हणाले. "एक डाव मारायची, मंग हात काढून घ्यायचा आन् इचार करायचा. दिवा काय करते? आवाज काय येते? गाडी सांगतेच आपल्याले. आपण आयकत नाही."

ते सगळं मी ब्लाउजच्या मापाच्या वहीत लिहून घेतलं, कुणाच्या छाती-कमरेच्या मापाखाली. किल्ली अर्धी फिरवली की मीटरमधले दिवे लागतात. लागलेच नाहीत, तर करंटच नाही. लागले, पण सेल्फ मारताना एकदम विझले, तर कुठला तरी जोड ढिला. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला झटका देणारी मोटर. दिवे मंद होऊन टकटकटक असा आवाज आला, तर बॅटरी उतरली. एकच टक होऊन गप्प, तर सेल्फ अडकला. सेल्फ छान घरघरतो पण इंजिन पकडत नाही, तर पेट्रोल नाही तर प्लग. हे महिनाभर माझी तोंडी परीक्षा घ्यायचे, भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. "दिवा लागला, सेल्फ मारला, विझला. काय?" आणि मी मिरची चिरता चिरता म्हणायचे, "जोड ढिला."

गाडी लावायची जागाही ठरली. आमच्या घरासमोर रस्त्याला उतार आहे. संध्याकाळी गाडी तिथं, तोंड खाली करून. बॅटरी फसली तर ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळली की दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा, चालू. आमच्याकडे ज्याची गाडी जुनी, त्याची गाडी उतारावर दिसणारच.

डेपोची एक शिस्त मात्र यांनी सगळ्यांत जास्त घोटून घेतली. काढलेला नट कुठंही ठेवायचा नाही, खिशात नाही, बोनेटवर नाही. आधी वायसर, म्हणजे नटाखालची चकती, मग नट, ज्याच्या त्याच्या बोल्टवर दोन आटे चढवून ठेवायचा, म्हणजे हरवत नाही. "याच्यासाठी उस्तादानं माह्या कानाखाली वाजवली होती," असं हे अभिमानानं सांगत. ही सवय यांच्या हाडात गेलेली. घरातलं कुठलंही झाकण हे काढून ठेवत नाहीत आणि घट्टही लावत नाहीत, दोन आटे फिरवून सोडतात. लोणच्याची बरणी मी झाकणाला धरून उचलली आणि झाकण हातात, बरणी फरशीवर, असं दोनदा झालं आहे. दोन्ही वेळा मी यांच्या उस्तादाचा उद्धार केला.

किल्ली फिरवायच्या आधी मी डोळे मिटून त्रिशरण म्हणते. हे म्हणायचे, "गाडीले त्रिशरण नाही, करंट लागते." मी म्हणायचे, मला लागतं.

यवतमाळच्या वाटेवर पांढरकवड्यापर्यंतचा आमचा रस्ता बराचसा सागाच्या जंगलातून जातो. या भागात वाघ माणूस धरतो, ही काही सांगोवांगीची गोष्ट नाही, त्यामुळे तिथं मी गाडीचा वेग कधी कमी करत नाही. पण एका शुक्रवारी वळणावर गायींचा कळप आडवा आला. मी ब्रेक मारला, क्लच विसरले, गाडी बंद पडली. किल्ली फिरवली. टक. एकच. मग शांत.

"काय?" हे म्हणाले.

"सेल्फ अडकला."

"बराबर. मंग उतर."

मला उतरायचं नव्हतं. दोन्ही बाजूंना झाड असं दाट की दहा पावलांवर काय आहे दिसत नव्हतं, आणि मधेच पानं वाजायची. यांच्या हाताला मशीनसाठी नस जोडलेली, त्या हातानं जोर करायचा नाही, चक्कर येते, हे उतरू शकत नव्हते. मी डिकीतून पाना काढला, बोनेट उघडलं. कळपामागून एक गुराखी आला, म्हातारासा कोलाम आदिवासी, खांद्यावर काठी. त्यानं मला पाहिलं, गाडीतल्या माणसाला पाहिलं आणि काही न विचारता माझ्याकडे पाठ करून जंगलाकडे तोंड करून उभा राहिला. "तुमी ठोका," म्हणाला, "मी पाह्यतो." मी आत वाकून सेल्फवर पान्याचे दोन ठोके दिले, जसे शिकवले होते तसे, जोरात नाही. हात इतके थरथरत होते की तिसरा ठोका माझ्याच बोटावर बसला. पण किल्ली फिरवल्यावर गाडी चालू झाली. गुराखी वळून न पाहता गायींमागे गेला. पांढरकवड्याला हायवे लागला, ट्रक दिसायला लागले, तेव्हा मी रडले. हे माझ्या हातांकडे पाहत होते.

ते पाहणं मला तेव्हा कळलं नाही.

या गोष्टीला दोन-तीन महिने झाले असतील. गुरुवारी संध्याकाळी मी गाडी उतारावर लावायला निघाले, तर हे म्हणाले, "आज अंगणात टिनाखाली लाव. पाणी येईन." आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. पण गाडीच्या बाबतीत यांचं म्हणणं मी खाली पडू देत नाही, टिनाखाली लावली. आमचं अंगण सपाट आहे.

शुक्रवारी सकाळी मी अर्धा कप चहा घेऊन गेले तर हे अंथरुणातच. एरवी माझ्या आधी तयार होऊन खुर्चीवर बसणारा माणूस. म्हटलं, येतील. मी गाडीत जाऊन बसले. त्रिशरण म्हटलं, किल्ली अर्धी फिरवली, दिवे लागले. सेल्फ मारला. सगळं एकदम विझलं. टक नाही, घरघर नाही, काहीच नाही.

मी तिथूनच ओरडले, "अहो, गाडी घेत नाही."

आतून आवाज आला, "बॅटरी बसली. राहू दे आज."

त्या मंगळवारनंतरचा भिंतीला टेकलेला माणूस डोळ्यांसमोर आला. फोन हातात घेतला, जीपवाल्याचा नंबर काढला, आणि मग थांबले. यांनी मला विचारलंच नाही. दिवा काय करते, आवाज काय येते, काहीच न विचारता अंथरुणातून सांगितलं, बॅटरी बसली. इतक्या दिवसांत असं एकदाही झालं नव्हतं. शेजाऱ्याची मोटारसायकल बंद पडली तरी हा माणूस आधी चार प्रश्न विचारतो. मला वाटलं, विष डोक्यात चढलं. किडनीच्या पेशंटला भ्रम होतो, असं मी मशीनच्या खोलीबाहेर बसणाऱ्या बायांकडून ऐकलेलं. गाडीची भीती राहिली बाजूला, ही दुसरीच येऊन बसली.

पण शिकवलेलं हातात होतं. भेवून किल्ली मारायची नाही. मी किल्ली काढली. दिवा लागला, सेल्फ मारला, विझला. काय? जोड ढिला. बॅटरी नाही, बॅटरी असती तर टकटकली असती.

बोनेट उघडलं. बॅटरीचे दोन्ही टर्मिनल हलवून पाहिले, पक्के. स्वच्छ. मग काळी वायर धरून बोट पुढं नेत गेले, जिथं ती गाडीच्या पत्र्याला बोल्टनं जोडलेली असते तिथवर. अर्थिंगची वायर म्हणतात तिला. वायरची पट्टी बोटाला हलली. वरती वायसर होता, नीट बसवलेला. वायसरच्या वर नट होता. दोन आट्यांवर.

मी पट्टी पुन्हा हलवून पाहिली. गाडीच्या धक्क्यानं नट ढिला होतो, गळून पडतो. उंदीर वायर कुरतडतो. पण कुणी नट पूर्ण मागं घेऊन, वायसर बसवून, परत मोजून दोन आट्यांवर ठेवत नाही. अख्ख्या मुकुटबनात असं करणारा एकच माणूस आहे. जित्याची खोड, असं माझ्या तोंडात आलं, आणि पुढची म्हण मी पुरी केली नाही.

दहाचा पाना डिकीतच होता. नट कसताना पाना चार वेळा निसटला. पुन्हा किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. मी ती तशीच चालू ठेवून, पाना हातात घेऊन आत गेले.

हे उशीला टेकून बसले होते. इंजिनचा आवाज घरात येत होताच. यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पान्याकडे.

"उठा," मी म्हणाले.

उठले. शर्ट घातला, चपला घातल्या, पिशवी घेतली आणि गाडीत येऊन बसले. गाव मागं पडलं. मी बोलले असते तर गाडी कुठंतरी घातली असती. जंगल लागलं, ते गायींचं वळण आलं, आणि मला राहवलं नाही.

"नट कोणं काढला?"

"उंदरानं काढला असन."

"उंदीर वायसर लावून ठेवते का?"

हे बाहेर झाडांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ते ध्यानातच नाही राह्यलं माह्या." आणि आपल्या बोटांकडे पाहून, "हातानं आपोआप होते वं ते."

मी गाडी बाजूला घेतली आणि उभी केली. तिथंच, जिथं मी कधी वेग कमी करत नाही. इंजिन चालू होतं.

"काहून केलं?"

"तुह्ये हात पाह्यतो मी," हे म्हणाले. "दर मंगळवार, दर शुक्रवार. किल्लीवर कसे थरथरते. रात्री झोपत नाही तू. सुकून गेली. थ्या दिवशी इथं ठोकता ठोकता बोट फोडून घेतलं, मी आत बसून पाह्यत होतो, अन् उतरता नाही आलं मले. मनलं, माह्या भेवानं ही बाई माह्याच आधी जाईन. एकदाचं होऊन जाऊ दे."

माझा राग असा आहे की आला की मला दिसेनासं होतं. "मले भेव वाटते," मी म्हणाले, "वाटणारच. तुमचा जीव माह्या हातातल्या किल्लीवर टांगला हाय, तं काय गाणे म्हणू? पण भेव माह्यं हाय. मले न इचारता तुमी थे काढून टाकणारे कोण? आन् निघत नाही थे असं. पुन्हा भिंतीले टेकून बसले असते तुमी, एकेक शब्दाले थांबत, आन् मी काय केलं असतं? समोर बसून ब्लाउज शिवला असता?"

बाहेर कुठंतरी पानं वाजली. मी किल्लीकडे हात नेला, कशासाठी ते मला माहीत नाही, कदाचित नुसता रागानं. यांनी माझं मनगट धरलं.

"बंद नको करू," म्हणाले. "इथं बंद नको करू."

मी यांच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ सुकले होते आणि डोळे झाडांवरून हलत नव्हते.

"म्हणजे तुमालेही वाटते," मी म्हणाले.

"वाटते," हे म्हणाले. "चाल."

नऊला दहा कमी असताना पोचलो. सिस्टरनं यांचा हात मशीनसाठी घेतला तेव्हा दुसऱ्या हाताच्या अंगठ्याच्या नखात काळं ऑइल दिसलं. तिनं कापसानं पुसलं. मी बाहेर जाऊन बाकावर बसले आणि चार तास नुसती भिंतीकडे पाहत राहिले. घरी जाऊन हा माणूस पुन्हा काय काढून ठेवील, कुठली वायर, कुठला नट, हे मला कळणार कसं? गाडीच्या आत काय काय आहे ते सगळं त्यांना माहीत, मला त्यातलं मूठभर. भीती आता घरातच आली होती, माझ्या बाजूला झोपत होती.

त्या संध्याकाळी मी गाडी उतारावरच लावली, विचारलं नाही. मग लग्न होऊन सासरी गेलेल्या आमच्या मुलीच्या कपाटात तिची एक जुनी नेलपॉलिशची बाटली सापडली, लाल, तळाशी थोडी उरलेली. आधी शिवणाचा खडू घेतला होता, पण खडू पुसला जातो. बोनेट उघडून नटावर आणि खालच्या पत्र्यावर मिळून एक सरळ रेघ ओढली. नट जरा जरी हलला तरी रेघ तुटेल. हेही यांनीच कधीतरी सांगितलेलं, डेपोत रंगानं करतात म्हणून. शनिवारी पाहिली, रविवारी पाहिली, सोमवारी संध्याकाळी पाहिली. रेघ सरळ होती. हे मला पाहताना पाहत होते. बोलणं आमचं जेवणापुरतं चाललं होतं.

मंगळवारी सकाळी मोबाइलचा उजेड धरून बोनेट उघडलं आणि रेघ तुटलेली होती.

नटावरचा लाल तुकडा पत्र्यावरच्या तुकड्यापासून गव्हाच्या दाण्याएवढा सरकला होता. म्हटलं, संपलं, आता हा माणूस ऐकत नाही. मग पाना लावला आणि नट कसायला गेले. नट हलला नाही. दोन्ही हातांनी जोर लावला, तरी नाही. तेव्हा नीट पाहिलं. लाल तुकडा उजवीकडे सरकला होता. नट कसताना उजवीकडे जातो. मी बसवला होता त्याहून तो जास्त घट्ट बसला होता, आणि ज्या हातानं जोर करायचा नाही त्या हाताशिवाय तो तेवढा बसला नसता.

मागं चपला वाजल्या. हे तयार होऊन आले होते, मांडीवर घ्यायची पिशवी काखेत. बाजूच्या सीटवर बसले. मी बोनेट लावलं, पाना डिकीत टाकला, आत बसले आणि डोळे मिटून त्रिशरण म्हटलं. हात थरथरत होते. ते थांबले नाहीत, अजूनही थांबत नाहीत. मी किल्ली अर्धी फिरवली.

"दिवा काय करते?" यांनी विचारलं.

"लागला," मी म्हणाले, आणि सेल्फ मारला.